उंचीप्रमाणे रांग

लेडी बॅरन, फ्लिंडर्स बेट
१२ जानेवारी

प्रिय कोरली (की श्रीमती डन्स्टन म्हणू?),

संगणक चालवणाऱ्या त्या जगभरच्या मूळ प्रणालीच्या, कर्नलच्या, रेडिओ विभागात दुरुस्ती सुचवायची तर ती कुणाकडे पाठवायची, हे शोधत होते. तिथे राखणदार म्हणून एकच नाव निघालं: कोरली डन्स्टन, सिग्नेट, टास्मानिया. म्हटलं, टास्मानियात कोरली डन्स्टन दोन असतीलही, पण चुकलेल्या स्वल्पविरामासाठी लोकांची अख्खी पत्रं परत पाठवणारी एकच असणार. विभागाच्या जाहीर ई-मेल यादीवरची तुझी जुनी उत्तरं वाचली आणि खात्रीच पटली.

मी विन्सम टकर. कॉन्व्हेंटमध्ये तुझ्याच वर्गात होते. वर्गात सर्वांत बुटकी. आठवले तर ठीक, नाही आठवले तरी माझा दुरुस्तीचा पॅच बघ म्हणजे झालं.

शाळेतली नोकरी संपल्यापासून मी आणि माझा भाऊ डार्सी इथेच राहतो. तो एकाहत्तरचा. रोज इन्शुलिन टोचून घेतो आणि रोज नर्सशी भांडतो. मार्चअखेर मटनबर्ड या समुद्रपक्ष्यांचा हंगाम लागला की केस्ट्रेल बेटावरच्या आमच्या शेडमध्ये जाऊन पिल्लं धरायची, सोलायची, मिठात घालायची, हे त्याचं वयाच्या सहाव्या वर्षापासूनचं व्रत आहे. तिथे फोन लागत नाही. आरोग्य केंद्राने शेडमध्ये एक रेडिओची पेटी बसवली आहे, तिच्यावरून लेखी निरोप येतात-जातात. पण निरोप लांबला की पेटी मरते. पुन्हा चालूही होत नाही. नर्स रॉझलिनने सांगून टाकलंय, पेटी नीट होत नाही तोवर डार्सीला होडीत पाय ठेवू देणार नाही. डार्सी म्हणतो, मग मला इथेच मिठात घाला.

पेटी का मरते ते मी शोधून काढलं. डार्सीला असं समजावलं: समज, पाहुणे आलेत. तू आधीच त्यांच्या खोलीचा नंबर लिहून घेतलास. मग लक्षात आलं, सामान जास्त आहे, म्हणून त्यांना मोठ्या खोलीत हलवलं. पण चिठ्ठीवर नंबर जुनाच. तू चहा घेऊन गेलास आणि त्या खोलीत आता झोपलेल्या भलत्याच माणसाच्या अंगावर ओतलास. निरोप लांब असला की पेटीतला कर्नल त्याला मोठ्या जागेत हलवतो, आणि जुन्या जागेच्या पत्त्यावर लिहीत सुटतो. तिथे आता दुसऱ्याच कुणाचं काहीतरी असतं. ते बिघडतं, आणि पेटी आडवी होते.

दुरुस्ती एवढीच: आधी हलवा, मग पत्ता लिहा. केंद्राकडून आणलेली तसलीच एक पेटी माझ्या टेबलावर आहे, तिच्यात घालून पाहिली, अख्खं पाकपुस्तक पाठवलं तरी चालते. पण केंद्राचा नियम आहे, अधिकृत कर्नलमध्ये आलेलीच दुरुस्ती बसवायची. म्हणजे तुझ्या हातून गेलेली. हंगामाच्या आत होईल का गं?

तुझी,
विनी

•

जाहीर यादीवर
१९ जानेवारी

श्रीमती टकर,

आपला पॅच मिळाला. आभार. काही सूचना:

विषयाची ओळ आज्ञार्थी हवी. ‘दुरुस्त केले’ नको, ‘दुरुस्त करा’ हवे.

मूळ चूक कोणत्या बदलामुळे आली आणि तो बदल कुणाचा, ही ओळ आपण दिलेली नाही. ती सक्तीची आहे.

आमच्या विभागात सुरुवातीच्या, नावे नोंदवणाऱ्या ओळी लांबीप्रमाणे लावतात: सर्वांत लांब वर, सर्वांत आखूड खाली, उलट्या टांगलेल्या ख्रिसमसच्या झाडासारख्या. आपली आखूड ओळ लांब ओळीच्या वर आहे. कृपया क्रम बदलून पुन्हा पाठवावा.

को. डन्स्टन

•

सिग्नेट
१९ जानेवारी

अगं विनी,

आठवली नाहीस तर काय! डबीतली जर्दाळूची पोळी माझ्याकडून निम्मी खाऊन उरलेल्या निम्मीवर डोळा ठेवणारी विनी टकर! तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. शेगडीवर जर्दाळूचाच मुरंबा होता, तो थोडा लागला. ही बरणी तुझ्यासाठी ठेवते.

यादीवरचं उत्तर मनाला लावून घेऊ नकोस. तिथे ‘अगं विनी’ म्हटलं तर जगभरच्या पुरुषांना वाटेल, बायका बायका मिळून पॅच वाटून घेतायत. तिथे मी तशीच असते. चाळीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात पुरुषांमध्ये काढली, माझं कामसुद्धा त्यांना टापटीप दिसावं लागे, तरच ते वाचायचे.

आणि लांबीप्रमाणे ओळी लावायचा नियम वाचला की मला कुणाची आठवण येते सांगू? सिस्टर पर्पेच्युआची. मेणबत्त्यांची मिरवणूक आठवते ना? उंचीप्रमाणे रांग, पुढे मी, सगळ्यात मागे तू. पांढऱ्या मोज्यांची ती उतरती ओळ चॅपलकडे निघाली की मला वाटायचं, जगात एवढं सुंदर काही नसेल. म्हातारपणी कोडमध्ये तीच रांग भेटली. मी तिला सोडणार नाही!

तुझी,
कोरली

•

लेडी बॅरन
२६ जानेवारी

प्रिय कोरली,

आठवते गं रांग. मी शेवटी होते, तेव्हा मला रांग अशी दिसलीच नाही. पुढच्या मुलीची वेणी तेवढी दिसली.

दुसरा पॅच पाठवलाय. विषय आज्ञार्थी केलाय. डार्सी म्हणतो, घरात तर तुझं बोलणं नेहमी तसंच असतं. मूळ चूक करणाऱ्याचं नावही शोधून घातलं. तो बिचारा कधीच वारला. माणूस गेला तरी चुकीवरचं नाव काही निघत नाही, फार कडक धर्म आहे तुमचा.

ओळींचा क्रम मात्र तसाच ठेवलाय, कारण आखूड ओळ हलवण्याचं काम करते आणि लांब ओळ पत्ता घेते. तिथे एक टीपही लिहून ठेवली आहे: ‘ही आधी यायला हवी.’ एवढं चालेल ना?

पॅच पाठवल्याबरोबर यादीवरच्या नियम तपासणाऱ्या यंत्राचं उत्तर आलं, ‘आपल्या ओळी लांबीप्रमाणे नाहीत.’ तू त्या यंत्राला शिकवलंस की त्याने तुला?

विनी

•

जाहीर यादीवर
४ फेब्रुवारी

श्रीमती टकर,

दुसरी आवृत्ती पाहिली. विषय व मूळ चुकीची ओळ आता ठीक.

ओळींचा क्रम अजून बदललेला नाही. यंत्रानेही तो दाखवून दिला आहे. तसेच आपल्या टिपेची गरज वाटत नाही. कोड पुरेसा स्पष्ट आहे. काढावी.

तिसऱ्या आवृत्तीची वाट पाहते.

को. डन्स्टन

•

लेडी बॅरन
६ फेब्रुवारी

कोरली,

घे बाई. लांब वर, आखूड खाली. टीप काढली. यंत्र गप्प बसलं. तूही बस.

डार्सीने सुऱ्यांना धार लावून ठेवली आहे आणि मिठाची पोती मोजतोय. रोज विचारतो, ‘तुझ्या मैत्रिणीचं झालं का गं? आमच्या वेळी पोप याहून लवकर निवडून यायचे.’

एकच विचारते. हे पुन्हा पेटीत घालून पाहायला हवं का? माझी टेबलावरची पेटी मी केंद्राला परत दिली आहे. त्यांच्याकडून पुन्हा मागायची तर अर्ज करावा लागेल.

विनी

•

सिग्नेट
८ फेब्रुवारी

विनी गं,

नको. नुसती ओळींची अदलाबदल आहे, त्यात काय पाहायचं? पहिली आवृत्ती तू चालवून पाहिलीच होतीस. उगीच अर्जबिर्ज करत बसू नकोस.

आणि काय देखणा झालाय पॅच! आज सकाळी चहा घेताना नुसता बघत बसले. कडा कशी एकसारखी उतरत गेली आहे. सिस्टर पर्पेच्युआने तुला निळी फीत लावली असती. नव्वदच्या घरात गेल्या गं त्या. शेवटी मी भेटायला गेले तर मला ओळखलं नाही, पण माझी कॉलर सरळ केली.

यादीवर आत्ताच शेरा टाकते. डार्सीला सांग, पोप निवडला, पांढरा धूर निघाला.

कोरली

•

जाहीर यादीवर
८ फेब्रुवारी

तिसरी आवृत्ती उत्तम.

वाचून पाहिला: कोरली डन्स्टन

•

लेडी बॅरन
२५ मार्च

प्रिय कोरली,

केंद्राने गेल्या आठवड्यात केस्ट्रेलच्या पेटीत नवा कर्नल घातला. चाचणी म्हणून रॉझलिनने निरोप धाडला, ‘कसं काय?’ तिकडच्या माणसाने उत्तर दिलं, ‘बरं.’ एवढ्यावर तिने डार्सीच्या कागदावर सही केली.

आज पहाटे तो गेला. होडीत बसताना मला म्हणाला, ‘विने, तुझी ती पेटी आता लांब निरोप घेते म्हणे. म्हणजे तू आता तिथेही माझं डोकं खाणार.’ मी म्हटलं, ‘इन्शुलिन थंड जागी ठेव.’ तो म्हणाला, ‘बघ, सुरू झाली.’ होडी लांब जाईपर्यंत त्याची टोपी दिसत होती. कोरली, इतका खूश मी त्याला कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. हे तुझ्यामुळे झालं.

तुझी बरणी पोचली. मुरंबा लागलेलाच जास्त चांगला लागतो.

विनी

•

सिग्नेट
२ एप्रिल

प्रिय विनी,

तुझं पत्र छापून मी फळीवर, आईच्या फोटोशेजारी ठेवलंय. या कामात कुणाच्या टोपीचं वर्णन कधी वाचायला मिळत नाही गं. आम्ही वाचतो, शेरा मारतो, पुढचा पॅच घेतो. कुठे कोण होडीत बसलं, कोण जाणे. वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण लावलेल्या टापटिपीतून एक माणूस समुद्रापार गेला.

इथे सफरचंदं उतरवायला सुरुवात झाली आहे. डार्सीचा निरोप काय आला? शेडमधल्या गमती कळव.

कोरली

•

लेडी बॅरन
९ एप्रिल

कोरली,

केस्ट्रेलकडून निरोप येईनासा झालाय. आमचे जातात, पण पोचल्याची खूण येत नाही. रॉझलिनने शेवटचा निरोप पाठवला तो आहाराचा होता. काय खावं, काय नाही, किती वाजता, सगळं. लांब होता.

वारा पश्चिमेचा आहे, होडी सोडत नाहीत. मी बसून तुझा सुंदर पॅच वाचला. मग माझा पहिला काढून शेजारी ठेवला. तूही ठेवून बघ.

विनी

•

सिग्नेट
९ एप्रिल

विनी,

पाहिलं. लांब ओळ वर गेली. ती पत्ता घेते. आखूड ओळ खाली आली. ती हलवते. आधी पत्ता, मग हलवणं. म्हणजे जुनी चूक जशीच्या तशी परत आली, फक्त आता नीटनेटकी.

तू टीप लिहिली होतीस. मी ती काढायला लावली. चालवून पाहू का विचारलंस. मी नको म्हटलं.

तुमच्या किनाऱ्यावरच्या मदतपथकाला मी फोन केला. ते म्हणाले, वारा पडेपर्यंत त्यांनाही निघता येणार नाही. दुसरं काय करू ते सुचत नाही. जपमाळ काढली आहे. डार्सीचं कळलं की एका शब्दाचं पत्र टाक. लगेच टाक.

कोरली

•

लेडी बॅरन
१४ एप्रिल

कोरली,

आहे. एका शब्दात तेवढंच येतं. बाकीचं आता लिहिते.

वारा पडल्याबरोबर आम्ही निघालो. मी होडीत सगळे संत आठवले, आठवले नाहीत ते नवे केले. शेडच्या पायरीवर डार्सी बसला होता. तोंड पांढरं, मांडीवर पीचचा रिकामा डबा. मला बघून म्हणाला, ‘आलीस? चमचा आणलास का?’ डबा दगडाने फोडून त्याने पाक बोटाने खाल्ला होता. साखर एकदम उतरली होती. शेजारच्या शेडमधले लोक पलीकडच्या टोकाला गेले होते. निरोप पाठवायला पेटीपाशी गेला, तर पेटी मेलेली.

‘कधीपासून मेली?’ विचारलं, तर इकडेतिकडे बघायला लागला. कोरली, त्याने स्वतःच मारली होती गं! ‘रोज उठून ती नर्स विचारायची, मोजलंस का, टोचलंस का. म्हटलं, विनी सांगते तशी खरंच नीट झाली आहे का बघू. नर्सला कळवलं, आहाराचं सगळं सविस्तर पाठवा. आलं, आणि पेटी गार! दोन दिवस काय शांत गेले! तिसऱ्या दिवशी मलाच ती लागली.’ एवढं सांगून वर मलाच म्हणतो, ‘आणि तू म्हणालीस दुरुस्त झाली.’

आता घरी आहे. रॉझलिन परत जाऊ देत नाही. अंगणात खुर्ची टाकून केस्ट्रेलकडे तोंड करून बसतो. धार लावलेल्या सुऱ्या त्याने शेजाऱ्याला दिल्या. मला ते फार लागलं.

आता दुसरी गोष्ट. मी ती तुला कधी सांगणार नव्हते, कारण तुझी ती मिरवणूक फार सुंदर होती, आणि माझ्याजवळ तिचा दुसराच भाग होता.

त्या वर्षी बिशप येणार होते. चॅपलशेजारच्या पूजासामानाच्या खोलीतून, सॅक्रिस्टीतून, पेटती मेणबत्ती आणायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या मेणबत्तीवरून सगळ्यांनी आपली पेटवायची होती. मी पुढे येऊन उभी राहिले, तर सिस्टरने खांद्याला धरून मला शेवटी नेलं. ‘उंचीप्रमाणे, विन्सम.’ मी म्हटलं, ‘सिस्टर, पण पेटती माझ्याकडे आहे.’ त्या म्हणाल्या, ‘रांगेत बोलायचं नसतं.’ मग सुंदर रांग निघाली. तू सगळ्यांत पुढे, हातात न पेटवलेली मेणबत्ती, आणि तुझ्यामागे सगळ्या तशाच. अंधाऱ्या चॅपलमध्ये बिशपसमोर तुम्ही सगळ्या उभ्या राहिलात, आणि सर्वांत शेवटी मी उजेड घेऊन पोचले. शिक्षा मला झाली. मागे रेंगाळले म्हणून.

उंचीप्रमाणे रांग करायला माझी हरकत कधीच नव्हती गं. आधी दारात सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटवून घ्यायच्या, मग उभं राहायचं तसं उभं राहायचं. बाराव्या वर्षीही मला एवढं कळत होतं. पण रांगेत बोलायचं नव्हतं, आणि तुझ्या यादीवर टीप लिहायची नव्हती.

रागावून लिहीत नाहीये. तिसरा पॅच मी स्वतःच्या हाताने फिरवला, आणि फिरवताना मलाही तो छान दिसला होता. तीच तर गंमत आहे.

विनी

•

जाहीर यादीवर
१७ एप्रिल

विषय: निरोप आधी हलवा, पत्ता मग घ्या

मागच्या दुरुस्तीने ज्या चुकीवर इलाज करायचा होता, तीच चूक परत आणली. लांब निरोप आला की भलत्या जागी लिहिलं जातं आणि यंत्र बंद पडतं. हे एका बेटावर घडलं आणि एका माणसाच्या जिवावर बेतलं.

या पॅचमध्ये नावं वर लांबीप्रमाणेच लावली आहेत. कामं मात्र खाली, ज्या क्रमाने व्हायला हवीत त्या क्रमाने आहेत. आमचा नियम याला कधीच आड येत नव्हता. मला सुचलं नाही, एवढंच.

मूळ चुकीच्या ओळीत नियमाप्रमाणे विन्सम टकर यांचं नाव येतं. नियम आहे म्हणून ते तिथे राहील. परंतु ही नोंद वाचणाऱ्या प्रत्येकाने हेही वाचावं: त्यांची पहिली आवृत्ती बरोबर होती. त्यांनी क्रमाचं कारण टीप लिहून सांगितलं होतं. क्रम बदलायला आणि टीप काढायला मी लावलं, आणि चालवून न पाहता मान्य केलं.

आखूड ओळीवर आता एक टीप आहे.

पाठवणार: कोरली डन्स्टन

•

लेडी बॅरन
२३ एप्रिल

अगं कोरली,

एवढं जगासमोर लिहायची काय गरज होती? वाचून मी अंगणात गेले आणि उगीचच कपडे परत वाळत घातले.

केंद्राने पेटी दिली, अर्ज न करता. आम्ही चालवून पाहिलं. मी नाही, डार्सीने. नर्सला उद्देशून त्याने आपल्या तक्रारी टंकायला घेतल्या त्या जेवणाच्या वेळेपर्यंत चालल्या. निरोप गेला, पेटी जिवंत. रॉझलिन म्हणाली, पेटी हे सहन करते तर पुढच्या वर्षी त्याला जाऊ द्यायला हरकत नाही. डार्सीने खुर्ची आत आणली आहे.

तुझी टीप त्याला वाचून दाखवली. म्हणाला, ‘ही बाई मला भेटायला हवी. मीठ कसं लावायचं शिकवीन.’

विनी

•

जाहीर यादीवर
२५ एप्रिल

श्रीमती डन्स्टन,

पॅच योग्य वाटतो. क्रमही नियमाप्रमाणे आहे. एकच सूचना: ‘छोटीला आधी जाऊ द्या, पेटती मेणबत्ती तिच्याकडे आहे’ या टिपेचा अर्थ लागला नाही. कोड पुरेसा स्पष्ट आहे. काढावी.

ह. प्रॉक्टर, ॲडिलेड

•

जाहीर यादीवर
२५ एप्रिल

श्री. प्रॉक्टर,

आपण इतकं बारकाईने वाचलंत, आभार. कोड स्पष्ट आहे असं मीही एकदा लिहिलं होतं.

टीप काढणार नाही.

चालवून पाहिला: डार्सी टकर
वाचून पाहिला: विन्सम टकर

को. डन्स्टन